मारोतराव बसले की करंट जातो

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. आजही नाही. आम्ही बौद्ध. माझ्या आईनं दारावर कधी लिंबू-मिरची बांधली नाही. गावात कोणाच्या अंगात आलं की ती म्हणायची, "तिले पहिले पोटभर जेवू घाला, मंग पाहू." आणि माझा धंदा गाड्या दुरुस्तीचा. पांढुर्ण्याला माझं छोटं गॅरेज आहे. पंधरा वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलो... पेट्रोल गाडी सुरू होत नसेल तर एक तर पेट्रोल पोचत नाही, नाही तर करंट पोचत नाही. तिसरं काही नसतं. म्हणूनच हे लिहिताना मला राग येऊन राहिला आहे.

मागच्या उन्हाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास एक जुनी पांढरी गाडी टोचन करून गॅरेजवर आणली. सौंसरकडच्या दोन मिस्त्रींनी हात टेकले होते. तक्रार नेहमीचीच — कधी एका सेल्फमध्ये सुरू होते, कधी बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारा, उचलत नाही. चालली तरी मिसिंग मारते, झटके देते, मधेच बंद. गाडीसोबत प्रशांत नावाचा तिशीतला माणूस होता आणि त्याचे वडील, मारोतराव.

मी माणूस ओळखायच्या आधी गाडीचा नंबर ओळखला.

बारा वर्षांपूर्वी माझी आई ह्याच मारोतरावांच्या वावरात कापूस वेचायला जायची. मी तेव्हा पांढुर्ण्यात काम शिकत होतो आणि त्या दिवशी सुट्टी म्हणून गावी आलो होतो. दुपारी माझी मोठी बहीण संगीता धावत घरी आली. आईला साप चावला होता. मी वावरात पोचलो तेव्हा आई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली होती, शुद्धीवर होती, पाय धरून. आणि वीस पावलांवर, बाभळीखाली, ही गाडी उभी.

मारोतराव म्हणाले, गाडी सुरू होऊन नाही राहिली, सकाळपासून खराब आहे. मी म्हणालो, काका, मी गॅरेजमध्येच आहे, चावी द्या, मी पाहतो. ते गाडीच्या दारासमोर येऊन उभे राहिले.

"गाडीले हात लावू नको."

एवढंच. मोटरसायकल मिळायला अर्धा तास गेला. संगीतानं आईला मागून धरलं, मी चालवली. सौंसरला दवाखान्यात डॉक्टरांनी किती वाजता चावला ते विचारलं आणि घड्याळाकडे पाहिलं. आई रस्त्यातच गेली होती. संध्याकाळी आम्ही तिला घरी घेऊन येत होतो, तेव्हा हीच गाडी समोरून आली. मारोतराव चालवत होते. मजेत चालली होती.

तर ही गाडी आता माझ्या दारात. मारोतरावांनी मला ओळखलं नाही. मला दाढी आली, पोट सुटलं... आणि वेचणारीच्या पोराचा चेहरा लक्षात ठेवतो कोण! पहिल्यांदा वाटलं, परत पाठवावं. मग म्हटलं, नाही. त्या दिवशी हात लावू दिला नाही ना? आज हिचं बोनेट मीच उघडीन.

गाडी चार दिवस ठेवून घेतली. प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, डिस्ट्रिब्युटरची टोपी, कॉइल, फिल्टर. अर्थिंगच्या वायरी घासून पुन्हा घट्ट केल्या. खरं सांगतो, त्यातलं काहीही खराब नव्हतं. चारही दिवस गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. मोहगावपर्यंत दोन चकरा मारल्या, एक झटका नाही.

पाचव्या दिवशी बापलेक न्यायला आले. मारोतराव बसले, चावी फिरवली. सेल्फ फिरतोय, गाडी उचलत नाही. मी त्यांना उतरवून स्वतः बसलो — सुरू. ते शेजारी येऊन बसले, तशी गाडी फडफडली आणि बंद पडली. प्रशांतला विचारलं, तुम्ही एकटे असता तेव्हा कधी बंद पडली का? तो विचार करून म्हणाला, "नाही बा. बाबा असले कीच पडते." घरात कोणी ही गोष्ट जोडून पाहिलीच नव्हती. कधी होते, कधी नाही, एवढंच म्हणत राहिले.

मी चिडलो. मिस्त्री आहे मी, मला कारण पाहिजे. एक प्लग काढून वायरीसकट इंजिनवर टेकवला आणि प्रशांतला सेल्फ मारायला लावला. निळी, जाड ठिणगी. मारोतराव मागच्या सीटवर बसले — ठिणगी गायब. उतरले — ठिणगी हजर. म्हटलं, वजनानं एखादी वायर दबत असेल. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथून सिमेंटची पोती आणून सीटवर ठेवली. गाडी सुरू! मग मारोतरावांची अंगठी काढली, मोबाईल काढला, कमरेचा पट्टा, चपला... सगळं बाहेर ठेवून पुन्हा बसवलं. ठिणगी नाही. कॉइलपर्यंत करंट येत होता, पुढं काही निघत नव्हतं. नवीन कॉइल!

दुपार झाली होती. मारोतराव अनवाणी, घामाघूम, गाडीच्या दारात बसले होते. म्हणाले, "मिस्त्री, कोणी करणी केली असन माह्यावर. मी तं कोणाचं वाईट नाही केलं."

तिथं माझा ताबा सुटला. हातातला पाना मी फरशीवर आपटला. म्हणालो, मी सुमनचा पोरगा. तुमच्या वावरात साप चावला होता ना, तिचा. चावी मागितली होती मी तुम्हाला.

प्रशांत आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं.  मारोतराव खाली पाहत म्हणाले, "चावी खिशातच होती. सीटले नवे कव्हर टाकले होते... दुसऱ्या दिवशी पोरीले पाहाले पाव्हणे येणार होते. तुही माय ओकून राहिली होती."

सीट कव्हर. बारा वर्षं मी कारणं शोधत होतो. जात असेल, भीती असेल, माणूसच दगड असेल... आणि कारण निघालं सीट कव्हर.

मी त्यांना मारलं नाही. का नाही मारलं, ते अजून कळत नाही. ते उठले, स्टीअरिंगवर बसले आणि चावी फिरवली. कबूल केलं, आता तरी होईल, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. सेल्फ फिरत राहिला. बॅटरी उतरेपर्यंत ते थांबले नाहीत. गाडी उचलली नाही.

शेवटी बॅटरी चार्ज करून प्रशांत एकटा गाडी घेऊन गेला. मारोतराव चालत स्टँडवर गेले, सौंसरच्या बससाठी. ऊन भयंकर होतं. माझी मोटरसायकल दारातच उभी होती. मी त्यांना स्टँडवर सोडलं नाही. त्याचं मला वाईटही वाटत नाही.

संगीताला सांगितलं तर तिनं हात जोडले. म्हणाली, न्याय झाला. मी तिच्यावरही ओरडलो. कसला न्याय? गाडीत एवढी अक्कल होती तर त्या दिवशी बाभळीखालून आपली आपण सुरू व्हायला काय झालं होतं तिला? एका म्हाताऱ्याला बसनं फिरावं लागतं, त्याला न्याय म्हणायचं?

प्रशांत अजूनही सर्व्हिसिंगला गाडी माझ्याकडेच आणतो, एकटा. नजर वर करत नाही. दर वेळी मी सगळं उघडून पाहतो, एकेक वायर हातानं ओढून पाहतो. एखादी ढिली सापडावी असं मनापासून वाटतं. वाचणाऱ्यांत कोणी ह्या कामातले असाल तर सांगा, माझं काय तपासायचं राहिलं? पण देवाचं, नियतीचं नाव घेऊन कोणी मला समजावू नका.

आई कशानं गेली, ते मला आता पक्कं माहीत आहे. गाडी कशानं बंद पडते, ते नाही.