डॉक्टरची बॅटरी

"लेंगा पूर्ण सोड. लाजतोस काय? पोरांचा बाप ना तू?"

मी सोडला. डॉक्टरांनी खोलीतला दिवा घालवला आणि माझ्या सुजलेल्या अंडाला मागून बॅटरी लावली. लाल उजेड आरपार आला.

"बघा, आकाशकंदील!"

हशा पिकला. माणिकपूरच्या त्या मोफत शिबिराला देणगी देणारे पाहुणे गळ्यातल्या हारांसकट माझ्यासमोर उभे होते. तसा मी कुणाच्या नजरेत भरणारा माणूस नाही. लग्नाच्या फोटोतही अर्धाच आलोय. त्या दिवशी मात्र सगळे वाकून वाकून बघत होते.

चाचणी खरी होती. उजेड आरपार गेला म्हणजे आत पाणीच. हायड्रोसील. डॉक्टर पाहुण्यांना सांगत होते, "आता मोठी चिरफाड नाही. बोटाच्या पेराएवढा छेद, संध्याकाळी घरी." मला कुणीच काही सांगत नव्हतं.

मी म्हणालो, "साहेब, यांना बाहेर पाठवा."

"फुकट ऑपरेशन आहे. नखरे कसले?"

मी लेंगा वर ओढला. घाईत नाडीची गाठ बसेना. शेवटी लेंगा मुठीत धरूनच बाहेर आलो. क्रांती म्हणतात ती माझ्या वाट्याला अशी आली.

बाहेर बाकावर माझा थोरला भाऊ बसला होता. पुढचा नंबर त्याचाच. नायगावच्या मिठागरात आम्ही दोघं राबायचो. तिथं सगळे गडी कमरेला रुमाल बांधून उतरायचे, दादा तेवढा लुंगी नेसायचा. त्याचंही हेच दुखणं, रुमालात झाकलं जायचं नाही. त्याला मीच कसाबसा समजावून आणला होता. पातळ पडद्यातून त्यानं सगळं ऐकलं होतं.

"चल घरी," तो म्हणाला.

पुढे मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी दार लावलं, मग विचारलं, "बघू का?" तसाच छोटा छेद, दोन टाके. दादाला म्हटलं, "बघ, चालतोय मी. चल."

"पानी हाय. आपोआप जिरंल."

जिरलं नाही. बहिणीच्या मुलीच्या लग्नात मोठा मामा म्हणून तिच्या पाठीशी त्यानं उभं राहायचं होतं. ती हळद लागल्या अंगानं बोलवायला आली. दादानं आतून कडी लावली. "तुझा धाकला मामा हाय ना." मंगलाष्टकं झाली, मी उभा होतो आणि माझं सगळं लक्ष त्या कडीकडे होतं.

नंतर तो कुठल्याच लग्नाला गेला नाही. मिठागरही सुटलं. परवा त्याचं वर्षश्राद्ध झालं. गेला हृदयानं, असं कागदावर लिहिलंय. माणसांतून तो केव्हाच गेला होता.

आता पाड्यातला कुणी या दुखण्यासाठी दवाखान्यात निघाला की मी सोबत जातो. दाराला पाठ लावून उभा राहतो. उपचार करणाऱ्यांशिवाय कुणालाही आत सोडत नाही. पाहुणा असो, देणगीदार असो. ओरडू देत.

मी हलणार नाही.