चवतीक येव नको

चंद्रावतीची चारही पोरं ज्येष्ठातली. नवरा सहदेव मुंबईला गिरणीत. वर्षातून एकदा, चतुर्थीला, कुणकेश्वरला घरी यायचा. गावच्या बायका बोटांवर महिने मोजून तिची थट्टा करायच्या. मीही करायचे.

मी सातवी पास, म्हणून सगळ्यांची पत्रं माझ्याकडे. त्या मालवणीत सांगायच्या, मी पुस्तकी मराठीत उतरवायचे. ‘हंय सगळी बरी आसत’चं ‘इकडील सर्व क्षेम’ झालं की त्या खूश व्हायच्या, आणि मला शिंगं फुटायची.

१९५६च्या श्रावणात चंद्रावती आली, कडेवर धाकटा. दार लोटून म्हणाली, “वैनी, लिव. औंदा चवतीक येव नको.”

माझा टाक थांबला.

“माका आता पोर नको. आसत त्यांच्यार जीव आसा माजो. पण कदी कदी वाटता, पोरां नको, संसार नको, खंयतरी निघान जावचा. ता पण लिव.”

लग्नाला सहा वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती. तिचं ते ‘नको’ ऐकून माझं डोकंच फिरलं. शिवाय मासिकांतल्या कथा वाचून मी शहाणी झाले होते. त्यांतल्या आया पोरांसाठी झिजायच्या आणि एकदाही कुरकुरायच्या नाहीत. मी तसलीच आई लिहिली: ‘मुले आठवण काढतात. मीही डोळ्यांत प्राण आणून वाट पाहते. अवश्य यावे.’ तिला मात्र तिचंच बोलणं वाचून दाखवल्यासारखं केलं. तिने मला हात जोडले.

सहदेव आला. चारचौघांत तिला म्हणाला, “तुया बोलावलंस म्हणान चार दिवस आगाव इलय.”

ज्येष्ठात मुलगी झाली. चंद्रावती मरता मरता वाचली. मी बघायलासुद्धा गेले नाही. पुढे पाणंदीत भेटली तर ती बाजूला होऊन मला वाट द्यायची, शब्द बोलायची नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला तोंड दाखवायची मला लाज वाटायची. आजही वाटते.

सात वर्षांनी ती माझ्या दारात उभी राहिली, त्याच मुलीचा हात धरून. माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने मुलीला पुढे केलं.

“ह्या चेडवाक लिवूक शिकव,” ती म्हणाली. “ह्येच्या मनातला ह्येनाच लिवूक व्हया.”