धाकटीच्या घरातली हिरवळ

बाबांना लकवा मारला तेव्हा त्यांना माझ्याकडेच आणायचं, यावर कोणी वाद घातला नाही. मी थोरली, शाळेत शिक्षिका, तुमसरात नवं घर बांधलेलं. धाकटी बहीण आंधळगावात दोन खोल्यांत राहायची. तिचा नवरा आटाचक्की चालवायचा. बाबांसाठी मी मागची खोली सजवली. पांढऱ्या टाइल्स, पीओपीचं छत, एसी. समोरच्या राइस मिलचा भुसा आत येऊ नये म्हणून खिडकीला पक्की काच. भेटायला येणारे म्हणायचे, "असं तर नागपूरच्या दवाखान्यातही नसते." मला ते ऐकायला आवडायचं.

बाबांचं आयुष्य आंबागडच्या जंगलात गेलं होतं, बांबू तोडण्यात आणि तेंदूपत्ता गोळा करण्यात. माझ्या खोलीत ते चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल त्यांना. पण ते बोलेनात.

शाळेत परीक्षा आल्या म्हणून पंधरा दिवस त्यांना धाकटीकडे ठेवलं. आठव्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, बाबा बोलले! मी शतावरीले पाणी टाकून राहिली होती, तर म्हणतात, पुरे कर, मूळ सडंल."

"चांगलं झालं," मी म्हटलं. फोन ठेवला आणि समोरच्या वह्या तशाच पडून राहिल्या. चार महिने भरवलं मी, अंग पुसलं मी, आणि पहिला शब्द तिच्या कुंडीला मिळाला.

रविवारी गेले. तिने बाबांची खाट खिडकीशी लावली होती. पडद्याऐवजी बांबूचा तट्टा, त्यातून उन्हाच्या बारीक रेघा अंगावर पडत. रंगाच्या रिकाम्या डब्यांत नेचे, दोरीवर चढलेली शतावरी, कोपऱ्यात मातीच्या मोठ्या कुंड्यात तळ्यातून आणलेला शिंगाड्याचा वेल आणि त्याखाली फिरणारे बारीक मासे. भिंती पांढऱ्या मातीने सारवलेल्या. आत शिरताच माझे स्वतःचे खांदे सैल पडले, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"आली का?" बाबा म्हणाले. मला दोनच शब्द. मग ते वेलाचं टोक दोरीला कसं गुंडाळायचं ते धाकटीच्या मुलीला दाखवू लागले.

परीक्षा संपल्यावर मी हट्टाने त्यांना परत नेलं. नर्सरीतून आठ कुंड्या आणल्या, सगळ्या तिच्यापेक्षा मोठ्या, आणि एसीच्या खोलीत मांडल्या. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले.

"घुसमटून राहिले," ते म्हणाले.

"कोण, बाबा?"

त्यांनी कुंड्यांकडे बोट दाखवलं. महिनाभरात पानं पिवळी पडली. बाबांनी धाकटीकडे जायचं म्हटलं आणि ते तिकडे राहायला गेले.

पावसाळ्यात आंधळगावात तापाची साथ आली. मी बहिणीला नाही, तिच्या नवऱ्याला फोन केला. "घरात पाणी साचवून ठेवता. डेंगू झाला तर बाबा टिकणार नाहीत." त्या कुंड्यात मासे होते, एकही अळी त्यांनी ठेवली नसती, हे मला माहीत होतं. तरी बोलले. तो बिचारा घाबरला. त्याच दिवशी त्याने कुंडं ओतून दिलं आणि सगळी झाडं गोठ्यामागे नेऊन टाकली.

आता बाबा माझ्याकडे यायचं म्हणतील, असं मनात धरून मी गेले. खिडकीला तट्ट्याच्या जागी प्लास्टिक ठोकलेलं होतं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, अगदी माझ्या घरी पडायचे तसे.

धाकटी चहा मांडत होती. मागे न वळता तिने विचारलं, "ताई, फोन तूच केला होता ना?"

"हो."

"मासे होते त्यात. तुले मालूम होतं."

"होतं."

"मंग काहून?"

खूप कारणं जुळवली, पण तोंडातून एकच निघालं. "माझ्याशी ते बोलत नाहीत."

तिने गॅस बंद केला. मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. "चाल मंग," ती म्हणाली, "उचलू लाग."

आम्ही दोघींनी डबे आत आणले. शतावरीचे शेंडे बकऱ्यांनी खाल्ले होते. मासे तर गेलेच होते. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीतून तिने दुसरे मागून आणले. नवा कोंब फुटायला तीन आठवडे लागले. तो दिसला तेव्हा बाबांनी तिला हाक मारली, मी खाटेच्या उशाशी बसलेली असताना.

त्यानंतर दोन वर्षं ते तिच्याकडेच राहिले. मी दर रविवारी जायचे, माती बदलायचे. कधी कधी ते मला बांबूच्या जाती सांगायचे, आणि तेवढ्या वेळापुरती मी सगळं विसरायचे. ते गेले तेव्हा आम्ही दोघीही जवळ होतो. हात त्यांनी तिचा धरला होता. ते मला अजून सलतं. मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, पण ती ओळखून असावी.