पहिला मांडा जिजीचा

खापरावरून पहिला मांडा निघाला की जिजी तो कोनालेच देत नसे. तिथंच चुलीपाशी बसून हातावर घ्यायची, फुंकायची, एक तुकडा तोंडात टाकायची आन डोळे मिटायची. आम्ही बाया पीठ मळता मळता थांबून जायचो. मंग डोळे उघडून ती म्हने, "हं. चालू द्या."

आन कोन्या नवीन पोरीनं त्या मांड्याले हात लावला तर, "ए माय, पहिला माझा!"

मांडे म्हनजे आमच्याकडची पुरनपोळी. पोळपाट-लाटनं काई नाई, हातावर झेलून झेलून मोठी करतात, पार कोपरापर्यंत, आन उपड्या मातीच्या खापरावर टाकतात. पहिला मांडा कधी जळते, कधी कच्चा राह्यते, खापर तापलं का नाई ते त्याच्यावरूनच कळते, म्हनून तो पाव्हन्याच्या ताटात जात नाई, करनारीच्या पोटात जाते. लग्न असो का आखाजीचा सण, बुऱ्हानपुरात तिले लांबलांबून बोलावनं येई. तुमच्याही गल्लीत असन अशी एखादी, जिले कोनी नावानं हाक मारत नाई आन जिच्याबिगर काई होतही नाई.

माझं घर तिच्या बरोबर समोर. मी लग्न होऊन आली तवा मले चहा पन नीट येत नव्हता. माझा बाबू झाला आन त्याले पहिल्यांदा घुटी द्यायची होती, मी चमचा घेऊन नुसतीच बसली, तर जिजी आली, तिनं आधी सोता चाटून पाह्यली, जरा वेळ माझ्याकडं पाहत बसली आन म्हने, "मी मेली का? नाई ना? दे मंग त्याले." अशी होती ती. सासू म्हने, ही म्हातारी एक दिवस कायतरी चाटूनच मरनार हाय. जिजी म्हने, "मरू दे ना, तुमी तर वाचसान."

मंग ती बीमारी आली. कापडाचे लूम बंद, बजार बंद, पप्पा घरात (माझ्या नवऱ्याले मी बाबूचे पप्पाच म्हनते). दिवसभर टीव्ही. टीव्हीवाला सांगे की टीका, म्हनजे ती लस, बनून राह्यला, आता आला, तेव्हा आला. मले वाटे लवकर यावा, देवा लवकर यावा, बाबूच्या पाळन्याकडं पाहून मी तेच म्हनत राहू. आन मंग खरंच जल्दी येऊन राह्यला असं कळलं, तर मले त्याचंच भेव वाटाले लागलं. मी आठवीपर्यंत शिकलेली बाई, मले काय समजते? पन इतकं जल्दी कसं झालं, हे तर कोनालेही वाटन ना?

जिजीलेही वाटे. आमच्या ओट्यावर लांब बसून, पदर नाकावर धरून ती म्हने, "पुरनाची डाळ एका उकळीत शिजते का? मंग ह्यायनं येवढ्यात कशी शिजवली?"

पप्पा म्हने, "जिजी, आता कुकर निघाला ना."

"कुकरची डाळ मी लग्नात वापरत नाई!"

गल्लीत काय काय उठलं होतं. कोनी म्हने पोरं होत नाई, कोनी म्हने दोन वर्षांत मानूस खतम. सासूनं कुठूनसं ऐकून आनलं की टीक्यानं आईचं दूध आटते. बस, तिथं माझं काळीजच बसलं. बाबू वरचं दूध तोंडात घेत नव्हता, फेकून देई. माझं आटलं तर तो काय खाईन? आन टीका नाई घेतला आन मलेच ती बीमारी झाली तर त्याले कोन घेईन? दोन्हीकडून मीच मरत होती.

म्हाताऱ्या लोकाले टीका सुरू झाला तवा गल्लीतलं कोनी उठलं नाई. जिजी उठली. इस्त्रीची साडी नेसली, डोक्याले तेल लावलं, जसं काई कोनाच्या घरी मांडे कराले चालली. मी दारातून म्हटलं, "जिजी, तुमीच तर म्हनत होत्या ना, कच्चं हाय."

"कच्चं असन तर मले कळन ना."

"आन जहर असन तर?"

"तर तुमाले कळन." आन हसली. पुढचे दात नव्हते तिले, हसली की लहान पोरीसारखी दिसे.

टीका घेऊन आली तर ओट्यावर ऐसपैस बसली, सगळ्यायनं पाहावं म्हनून. बाया आपापल्या दारातून विचारत, "जिजी, काय होऊन राह्यलं?"

"हात दुखते. मांडे करून तर याच्यापेक्षा जास्त दुखते."

"चक्कर?"

"चक्कर तुमचे तोंडं पाहून येते."

मी हळूच गेली आन विचारलं, जिजी, दुधाचं काय? तिनं माझ्याकडं पाह्यलं, बाबूकडं पाह्यलं. "पोरी, ते मी कशी सांगू? माझं तर कवाच आटलं." मी हसली पन आन रडली पन. मले जे पाह्यजे होतं तेच तिच्यावरून कळनार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिले वरन-भात द्यायले गेली, तर दार लावून पडेल होती, अंगात ताप, कपाळावर ओली पट्टी. म्हने, "बाहेर बोलू नको. एवढा ताप येते म्हने सिस्टर. पहिल्या मांड्याचे डाग लोकाले दाखवत नाई." ताप उतरला, ती पुन्हा ओट्यावर येऊन बसली, आन तीन-चार जनी बोलल्या पन, आखाजी झाली की आपन जाऊ सगळ्या मिळून, जिजीले घेऊन. मीही मनात धरलं.

त्याच्यातच माझ्या सासूच्या भाचीचं लग्न निघालं, असीरगडकडं. मंडप नाई, बाजा नाई, चूपचाप, घरच्या लोकायचं. घरचे म्हटले तरी घर भरते. सासू जिजीले बोलवाले गेली, मी मागं मागं गेली. तेव्हा बीमारी पुन्हा भडकली होती, रोज कोनाचं ना कोनाचं ऐकू येई. मी म्हटलं, "जिजी, नका जाऊ. दुसरा टीका बाकी हाय तुमचा."

"दुसरा काहाले? पहिला बरोबर निघाला की समज खापर तापलं. मंग मागचे सगळे चांगलेच निघतात."

"सिस्टरनं सांगलं ना, दोन लागते."

"सिस्टरनं कधी मांडे केले का?"

तिले खरंच तसं वाटे. जिंदगीभर तिनं तेच पाह्यलं होतं, एक चाखला की काम पक्कं. आन खापरापुढं तोंड बांधून कोन बसन? धग लागते, धूर लागते. तिनं पदर कमरेले खोसला असन, मोकळ्या तोंडानं दिवसभर बसली असन, येनारी-जानारी तिच्याजवळ वाकून म्हनत असन, जिजी, एक गरम दे.

लग्नाहून आली तर दोन-तीन दिवस ठीक होती. मंग खोकला. मंग श्वास. तिचा पोरगा सुरतले लूमवर, गाड्या बंद, तो फोनवर रडत राह्यला. पप्पायनं रिक्षा आनली, तोंडाले गमछा बांधून तिले धरून बसवलं. मी बाबूले घेऊन दारात. तिले बोलता येत नव्हतं, तिनं नुसता हात हलवला, आत जा, पोराले घेऊन आत जा. सरकारी दवाखान्यात पलंग भेटला पन ती नाई भेटली पुन्हा. तिकडूनच नेलं तिले. तेल नाई, नवी साडी नाई, काई नाई.

आन संध्याकाळपर्यंत पुरी गल्ली एकच बोले. टीक्यानं गेली. म्हातारी चांगली धडधाकट होती, टीका घेतला आन गेली.

मी म्हटलं, अहो, ती लग्नाले गेली होती! सासूनं माझा दंड असा धरला की निळा पडला. घरात ओढलं मले. "लग्नाचं नाव काढशील तर पाह्य. ती नवी नवरी सासरी नांदून राह्यली. तिले पांढऱ्या पायाची म्हनतील, म्हनतील लग्नातच मानूस खाल्लं. पोरीचा जलम जाईन." सासूच्या डोळ्याले पानी होतं. ती खोटं बोलत नव्हती. आपल्याकडं असंच म्हनतात, तुमाले मले माहीत हाय.

मंग मी काय करू? बोलली तर ती पोरगी मरते. नाई बोलली तर जिजीनं सगळ्यायसाठी म्हनून टीका घेतला, आन तिच्याच नावानं सगळे दारं लावतात. जी बाई 'मी मेली का' म्हनून विचारून घुटी देई, तिचं मरनंच लोकायनं निशानी धरलं. आन खरं सांगू का, मलेही पक्कं काय माहीत? मी कोन डॉक्टर? भाकरी करता करता मनात येई, नाई, लग्नानंच. बाबूले पाजता पाजता येई, आन टीक्यानंच असन तर?

पावसाळा लागला आन सिस्टर टीक्याचा डबा घेऊन गल्लीत आली, नवीन सिस्टर, तिले काई माहीत नाई. आता अंगावर पाजनाऱ्या बायायलेही देऊन राह्यले, असं ती प्रत्येक दारावर सांगे. दार उघडलं की बंद होई. कोनी आतूनच म्हने घरी कोनी नाई. सासू म्हने, तू आवाज करू नको. मी बाबूचं तोंड छातीशी धरून दारामागं उभी.

सिस्टर समोर गेली. जिजीच्या दाराले कुलूप नव्हतं, नुसती कडी लावेल होती, चोराले न्याले होतंच काय. तिनं ती कडी वाजवली.

"दादी है क्या घर में? दूसरा टीका बाकी है उनका."

 सगळ्या दारामागं बाया होत्या, मले माहीत हाय, खिडकीच्या फटीतून सगळ्या पाहत होत्या. तिनं पुन्हा वाजवली. "दादी! अरे दादी, सो रहे हो क्या?"

मले ऐकवलं नाई. सासूचा हात सोडवून मी बाहेर आली, चप्पल पन नाई घातली.

"वो नहीं है," मी म्हटलं. "मले टोचा."

सिस्टरनं वळून पाह्यलं. "डरो मत."

"डरून तर राह्यली," मी म्हटलं, "टोचा तुमी."

माझ्या ओट्यावरच बसली मी. बाबू मांडीवर, एक हात त्याच्याखाली, एक हात तिच्यापुढं. सुई पाहवली नाई म्हनून मी समोर पाहत राह्यली. सुई आत गेली आन बाहेर आली तरी समोरची ती कडी मले हलतच दिसत होती.