आरशातली मागची गाडी

गाडीच्या मागच्या सीटखाली हात घातला की काय काय निघतं! अर्धवट चघळलेलं बिस्कीट, एका पायातला मोजा, कधीचा तरी सुकलेला द्राक्षाचा मणी. आमच्या ग्रुपच्या किश्शांचं तसंच आहे. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण प्रत्येक ड्राइव्हनंतर एखादा सीटखाली घरंगळतोच. आज जरा झाडून काढते.

ग्रुपचं नाव 'निवांत चाक'. महिन्यातून एका रविवारी सात-आठ गाड्या एकामागोमाग एक निघतात, लांब कुठेतरी जाऊन मिसळ खातात आणि परत येतात. मिसळ कोथरूडमध्येही मिळते, हे मी सुरुवातीलाच निदर्शनास आणून दिलं होतं. नवरा म्हणाला, "तिथे चालत जावं लागतं."

नवऱ्याचं नाव निखिल. माणूस सरळ आहे, पण स्टीअरिंग हातात आलं की सरळ राहतो का, हा माझा जुना प्रश्न. आणि आता मागच्या सीटवर ऊर्वी असते, वय वर्षं तीन. तिला त्याच्याबरोबर एकटीला पाठवायचं की नाही, एवढंच मला ठरवायचं होतं. त्यासाठी मी काय काय केलं, ते आता सांगते.

०००

ग्रुपची पहिली मीटिंग गोडबोले काकांच्या पार्किंगमध्ये झाली. काका रिटायर्ड आहेत, ग्रुप त्यांनीच काढला. त्यांची गाडी माझ्या लग्नाच्या आधीची आहे आणि माझ्यापेक्षा चांगली दिसते.

काकांनी दोन नियम सांगितले. एक, ऐंशीच्या वर जायचं नाही. दोन, प्रत्येकाने आरशात मागची गाडी बघत राहायचं; ती दिसेनाशी झाली की बाजूला घेऊन थांबायचं.

मी विचारलं, हे सगळे खरंच पाळतात का? कोण बघतं? पुरावा काय?

काकांनी चष्मा पुसला. "मुग्धा, लग्न ठरवताना याची एवढी चौकशी केली होतीस का?"

"तेव्हा याच्याकडे गाडी नव्हती, काका."

०००

दुसऱ्या ड्राइव्हला ऊर्वीला सर्दी होती म्हणून आम्ही दोघी घरी राहिलो. निखिल दुपारी परत आला आणि आंघोळीला गेला. मी खाली पार्किंगमध्ये गेले आणि बंपर तपासला.

बंपरवर किडे होते. पुष्कळ होते. एक तर चांगला चतुर असावा, पंख शाबूत होते. आता हळू चालणाऱ्या गाडीवर चतुर कसा चिकटेल? तो उडून नाही का जाणार? मी फोटो काढले.

ग्रुपमध्ये प्रथमेश आहे. वर्ध्याचा, आयटीत, एकटाच राहतो आणि पगार गाडीला खाऊ घालतो. मी त्याला फोटो पाठवून विचारलं की किडा असा चिकटायला अंदाजे किती स्पीड लागतो.

बराच वेळ 'टायपिंग' दिसत होतं. मग उत्तर आलं: "वहिनी, ते किड्यालाच विचारा नं. तोही समोरून येऊनच राहिला होता."

०००

त्या आरशाच्या नियमाची गंमत स्वारगेटला झाली.

त्या दिवशी प्रथमेश पहिल्यांदाच शेवटच्या नंबरवर होता. स्वारगेटचा चौक ओलांडून आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो, तोच आमच्या मागचा थांबला, कारण त्याला आरशात त्याच्या मागचा दिसेना. तो दिसेना म्हणून आम्ही थांबलो. आम्ही दिसेनासे झालो म्हणून पुढचे थांबले. सगळ्यात पुढे काका, तेही थांबले. रस्त्याच्या कडेला आमची सगळी वरात दिवे लुकलुकवत उभी.

ट्रॅफिक हवालदार आले. कोणाची वाट बघताय, असं त्यांनी एकेका खिडकीत वाकून विचारलं. प्रत्येकाचं उत्तर एकच: मागच्याची.

अखेर काकांनी प्रथमेशला फोन लावला. तो चौकाच्या अलीकडेच गाडी बाजूला घेऊन शांत बसला होता. टायर ठीक, पेट्रोल भरपूर. मग थांबला का होतास?

"काका, माझ्या मागे कोणीच दिसत नव्हतं नं."

त्या दिवसापासून नियमात भर पडली: शेवटच्याने मागे बघू नये.

०००

मग ते गुदगुल्यांचं प्रकरण झालं.

निखिल ऊर्वीला एकटा आजीकडे घेऊन गेला. गाडीने दहा मिनिटांचा रस्ता. संध्याकाळी तिला भरवताना मी अगदी सहज, म्हणजे अजिबात सहज नाही, विचारलं की गाडीत मज्जा आली का.

"बाबांच्या गाडीत पोटात गुदगुल्या होतात," ती म्हणाली. "तुझ्या नाही होत."

गाडी एकच आहे.

निखिल म्हणाला, त्या रस्त्यावर स्पीडब्रेकर आहेत. कोथरूडमध्ये कुठल्या रस्त्यावर नाहीत? दुसऱ्या दिवशी मी ऊर्वीला मागे बसवून त्याच रस्त्याने गेले. प्रत्येक स्पीडब्रेकरवरून गेले आणि प्रत्येकानंतर विचारलं, आता झाल्या? नाही. आता? नाही. मागून एक रिक्षावाले काका आले, शेजारून चालवत म्हणाले, "मॅडम, बंद पडली का? ढकलू?"

घरी येऊन मी जाहीर केलं की ऊर्वी माझ्याशिवाय ड्राइव्हला जाणार नाही. निखिलने फक्त तिच्या बेबी सीटचा पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला. तेही मला संशयास्पद वाटलं.

०००

त्यामुळे परवाच्या ड्राइव्हला मी मागे, ऊर्वीच्या शेजारी. तिथून मीटर दिसत नाही. दोन सीटच्या मधून मान घालावी लागते.

या वेळी काकांनी सगळ्यांना वॉकीटॉकी दिले होते. आमचा ऊर्वीच्या मांडीवर होता, आणि त्यावर तिने बाहुली बसवली होती. बाहुली बोलायच्या बटणावर बसली आहे, हे मला लोणी काळभोर मागे पडेपर्यंत कळलं नाही.

तोपर्यंत सात गाड्यांनी माझं समालोचन ऐकलं होतं. "निखिल, पंचाहत्तर. निखिल, अठ्ठ्याहत्तर झाले. त्या ट्रकला जाऊ दे ना, त्याला काम असेल. काका पुढे मुद्दाम पळवतायत, तुला कळत कसं नाही? आणि तो प्रथमेश, त्याला लग्नाला मुलगी मिळत नाही याचं कारण त्याचा उजवा पाय आहे."

यवतच्या पुढे मिसळीला थांबलो. प्रथमेश स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होता. त्याने तर्री माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "घ्या वहिनी, हळूहळू घ्या."

काकांनी पाव संपवला, हात धुतले, रुमालाला पुसले.

"आता परत जाताना पुढे तू चालव, मुग्धा. आम्ही सगळे तुझ्या मागून येतो. बघू तरी, बरोबर कसं चालवतात ते."

०००

आता सांगून टाकते.

मी सीट पुढे घेतली, आरसे नीट केले. निखिल मागे ऊर्वीजवळ बसला. वॉकीटॉकी माझ्या शेजारच्या सीटवर होता, बाहुली मी पिशवीत टाकली होती.

रस्ता मोकळा होता. ऊन कोवळं होतं. पहिल्यांदाच माझ्या पुढे ज्याच्यावर लक्ष ठेवायचं असा कोणी नव्हता. एक उसाचा ट्रॅक्टर मागे पडला. मग एक टेम्पो. मग एक एसटी. तिच्या ड्रायव्हरने माझ्याकडे वाकून बघितल्यासारखं वाटलं. माझ्या मनात काय चाललं होतं, मला आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. असं ऊर्वी झाल्यापासून पहिल्यांदाच झालं असावं.

वॉकीटॉकी खरखरला. काकांचा आवाज फार लांबून आल्यासारखा येत होता.

"मुग्धा, आरशात काय दिसतंय?"

मी बघितलं. रस्ता दिसत होता. त्याच्या टोकाशी ती एसटी, काडेपेटीएवढी. आणि अगदी जवळ निखिलचं डोकं. दोन सीटच्या मधून मान घालून तो मीटर बघत होता.

पुढे एक छोटा पूल होता. गाडी त्यावरून गेली.

मागे ऊर्वी खिदळली.

"आई, गुदगुल्या!"