मनकर्णाबाईंच्या कवळीचा निकाल

जानराव मनकर्णाबाईंना चाळीस वर्षं ओळखत होते, म्हणजे खरं तर त्यांच्या चक्कीला ओळखत होते. बाईंचं माहेर कोणतं, त्यांना तिखट आवडे की गोड, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायचा धीरच झाला नाही.

अचलपूरजवळच्या त्या गावात बाईंची दाढ म्हणजे कोर्ट होतं. ज्वारीचा डबा आला की त्या एक दाणा दाढेखाली धरत. कटकन फुटला तर दळायचा. मुकाट्यानं दबला तर ज्वारी ओली. ती दगडांना चिकटते, म्हणून डबा परत.

त्या वर्षी दाढा पडल्या म्हणून दिवाळीनंतर बाईंनी परतवाड्याहून कवळी बसवून आणली आणि दाणा कसाही असो, कवळीच कटकन वाजू लागली. ओली ज्वारी पास, कोवळी पास. बुंदीचा लाडूसुद्धा पास झाला असता.

तिसऱ्या दिवशी दगड चिकटून चक्की बंद पडली.

"बाई, पीठ दळून राहिल्या का गोवऱ्या थापून राहिल्या?" रांगेत डबा घेऊन उभे असलेले नत्थुजी ओरडले. लोक डबे उचलून फाट्यावरच्या नव्या चक्कीकडे निघाले. बाई मटकन खाली बसल्या. चाळीस वर्षांचा शब्द डब्यांबरोबर चालला होता.

कोपऱ्यात उभ्या जानरावांच्या तोंडात स्वतःचे नऊ दात होते. त्यांनी घसा खाकरला. "बाई, मी चावून पाहू का?"

"तुमाले काय समजते दाण्यातलं?"

"काईच नाई. मी चावतो, तुमी आयका."

बाईंनी नत्थुजींच्या डब्यातला दाणा त्यांच्या हातावर ठेवला आणि कान थेट त्यांच्या गालाशी नेला. जानराव कानापर्यंत लाल झाले, पण चावले.

"आवाज नाई. ओली हाय. नत्थुजी, उचला डबा!"

"आता कानानं दळता का, बाई?"

"हो. तुमचं तोंड बंद ठेवा, मले आयकू येत नाई."

लोक हसत हसत माघारी वळले, डब्यांसकट.

मग जानराव रोज सकाळी चक्कीवर येऊ लागले. शंभर दाणे चावत, चार शब्द बोलत. फाल्गुनात बाई अकोल्याला लेकीकडे गेल्या, त्या परतल्या नाहीत. जायच्या दिवशीही एक डबा आला होता.

"चावा, जानराव."

ते चावले.

"वाजला का?" बाईंनी गालाशी नेलेला कान तसाच ठेवून विचारलं.

"तुमाले आयकू आलं असंल."

"आलं. ठेवा डबा."