माठ काठोकाठ भरला होता

ग्वाल्हेरच्या माणसाने उन्हाला भ्यायचं नसतं, असं आमच्याकडे मानतात. पिढ्यान् पिढ्या इथल्या लूच्या गरम झळांमध्ये वाळलेली माणसं आम्ही. खिशात कांदा टाकला, कैरीचं पन्हं प्यायलं की झालं. मीही तेच म्हणायचे, आणि मोठ्या तोऱ्यात म्हणायचे. आता मे महिना तोंडावर आला की मला झोप लागत नाही. कशाला खोटं बोलू, मला भीती वाटते.

ही भीती माझ्या मुलीने घरात आणली, असं मी आधी म्हणत असे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. तिने आणि तिच्या सहा-सात मित्रमैत्रिणींनी बिर्लानगरात, जुन्या मिलच्या वस्तीत, पत्र्याच्या घरांमध्ये थर्मामीटर टांगले. दुपारी बाहेरपेक्षा आत जास्त तापतं आणि रात्रीही ती घरं निवत नाहीत, हे वहीत रोज लिहून काढलं. मग अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. साहेबांनी पाठ थोपटली आणि अर्ज ठेवून घेतला. शेवटी पोरं स्वतःच छतांना चुना मारायला लागली. मी म्हणायचे, जग थंड करायला निघालात, आधी आपली खोली तर आवरा.

त्यातच त्यांनी यादी केली. शहरात एकटे राहणारे म्हातारे शोधून काढले, आपसात वाटून घेतले आणि रोज दुपारी प्रत्येकाला फोन करायचा ठरवलं. विचारायचे प्रश्न एका फॉर्मवर छापले होते. घरात पाणी आहे का, कूलर चालू आहे का, चक्कर येते का, शेजाऱ्याकडे दुसरी किल्ली दिली आहे का. त्यांच्यातली एक मुलगी गावी गेली तेव्हा तिच्या वाटची नावं माझ्या मुलीकडे आली आणि त्यातलं एक तिने माझ्या गळ्यात मारलं. ते नाव माझ्या सख्ख्या आत्याचं होतं, म्हणून मला नाहीही म्हणता येईना.

आत्या जयेंद्रगंजात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वर तापलेली गच्ची, खाली जिना. आई गेल्यावर माझी वेणी तिने घातली, परकरही तिने शिवले. आता पंचाहत्तरी ओलांडली तरी आमच्या थाटीपूरच्या क्वार्टरमध्ये यायला तयार नाही. हट्टी म्हणजे किती, तर काठी आणून दिली ती तिने पडदा अडकवायला वापरली. दुसरी किल्ली खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सूनबाईकडे द्यायलाही ती राजी नव्हती. माझ्या लेकीने तासभर तिच्यापुढे बसून ती द्यायला लावली. तेव्हा मी हसले होते, की पोरगी म्हातारीहून हट्टी निघाली.

त्या दिवशी नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ भाजणारे दिवस, सरून आठवडा होत आला होता, तरी आभाळ भट्टीसारखं तापलेलं होतं. माझा उपास होता. उपास म्हणजे आमचा, एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी झाली, वर ताक झालं, दोनदा चहा झाला. मग साडेबाराला आत्याला फोन लावला आणि फॉर्म समोर धरून पोपटासारखी विचारत गेले. माठ भरलाय ना? काठोकाठ, ती म्हणाली. कूलर? चालू आहे. चक्कर? छे. आवाज जरा कोरडा लागला. मला वाटलं, झोपेतून उठली असेल. मी सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या आणि आडवी झाले.

अडीचच्या सुमारास मुलगी बिर्लानगरातून आली. हाताला चुना, तोंड लालबुंद. ओट्यावरची खिचडी बघून तिने विचारलं, "आज क्या है? उपास कसला?"

"एकादशी," मी म्हणाले. "निर्जला."

तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला आणि मला आत्या आठवली. आमच्या घरात निर्जला नावापुरती. पण आत्या लग्न झाल्यापासून ती खरी पाळते. सूर्योदयापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत पाण्याचा थेंब नाही. माठ भरलेला आहे का, हे मी विचारलं होतं. प्यायलीस का, हे नाही. ती खोटं बोलली नव्हती. आणि दर वर्षी तिचा तो उपास बघणारी मी, तोंडात साबुदाणा असताना विसरले होते.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मुलीने खालच्या सूनबाईला लावला, तर ती माहेरून नुकतीच गल्लीत पोहोचत होती, आणि म्हणाली की गल्लीतले लोक सांगताहेत, दीड तासापासून लाइट गेली आहे. म्हणजे कूलरही बंद. मुलीने तिला वर धावायला सांगितलं आणि आम्ही स्कूटी काढली.

पडावच्या पुलावर वाऱ्याने तोंड भाजत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी मागे बसून देवाला काय काय कबूल करत होते ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी मुलीला मागून घट्ट धरलं होतं, आणि गाडी हळू कर असं तिला म्हणायची माझी हिंमत नव्हती. फूलबागेपाशी पोहोचेपर्यंत आत्याला मी मनात दोनदा मारून रडून घेतलं होतं.

दार सूनबाईने दुसऱ्या किल्लीने उघडलं होतं आणि ती आत्याला हाका मारत बसली होती. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडली होती, माठापासून दोन हातांवर. अंग तापलेलं आणि कोरडं, एक थेंब घाम नाही. डोळे अर्धे उघडे, पण ती मला ओळखत नव्हती. मी पेला भरून तिच्या तोंडाकडे नेला तर मुलीने माझा हात धरला. अर्धवट शुद्धीत पाणी पाजलं तर ते श्वासात जातं, म्हणाली. त्यांना एका नर्सने शिकवलं होतं. तिने माठ उचलला आणि सगळाच्या सगळा आत्याच्या अंगावर ओतला. पलंगावरची चादर भिजवून गुंडाळली. मला वर्तमानपत्र देऊन वारा घालायला लावलं. सूनबाई रिक्षा आणायला पळाली. मी वारा घालत होते आणि रडत होते. ओलं फडकं ओठांना लागलं तशी आत्याने मान फिरवली.

"उद्या," ती पुटपुटली. "उद्या."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. अजून अर्धा तास गेला असता तर काही हातात नव्हतं, म्हणाले. सलाइन लागलं, बर्फाच्या पिशव्या लागल्या. तासाभराने ताप उतरायला लागला आणि त्यांनी सांगितलं, वाचतील. मी बाकावर बसले ती बसलेच.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. इतका वेळ काही न चुकता सगळं करणारी माझी पोर आता हुंदके देत होती. "आई, फॉर्म में वो सवाल था ही नहीं. मी विचारच केला नाही. मेरी गलती है."

क्षणभर मला वाटलं, म्हणू दे. काय सांगू, वाटलं. एकोणीस वर्षांची पोर सगळा दोष आपल्या डोक्यावर घेत होती आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. मग माझीच मला किळस आली.

"फॉर्म तुझा होता," मी म्हणाले. "एकादशी मला माहीत होती. चूक माझी."

मला वाटलं, आता ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिने डोळे पुसले आणि पर्समधून यादी काढली. साडेचार वाजले होते. यादीतल्या सगळ्यांची दुपारची विचारपूस झाली होती, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. तिने यादी मधोमध फाडली आणि अर्धी माझ्या हातात दिली.

पहिलं नाव बिर्लानगरातल्या एका आजींचं होतं. नवरा मिलमध्ये होता, आता त्या पत्र्याखाली एकट्या. बऱ्याच वेळाने त्यांनी उचलला. मी विचारलं, अम्मा, आज पानी पिया?

त्या हसल्या. आवाज अगदी आत्यासारखा कोरडा होता. "अरे बिटिया, आज तो निर्जला ग्यारस है."

मी मुलीकडे पाहिलं. तिच्याही कानाला फोन होता, आणि ती विचारत होती, "दादी, आपकी भी ग्यारस है?"